थायलंडच्या शिबिरात मुलांना इंग्रजी शिकवायला जाताना: साताऱ्यातील तयारीपासून शेवटच्या दिवसापर्यंत

थायलंडमधील शाळांना मार्चअखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत मोठी सुट्टी असते आणि ऑक्टोबरच्या मध्यात सुमारे तीन आठवड्यांची छोटी सुट्टी मिळते. या सुट्ट्यांत, आणि कित्येकदा सत्र चालू असताना शाळेच्याच आवारात, तेथे दोन ते पाच दिवसांची इंग्रजी शिबिरे भरतात. मुले शंभर-दीडशेही असू शकतात. त्यांचे गट पाडले जातात, आवारात ठिकठिकाणी कोपरे मांडले जातात, प्रत्येक कोपऱ्यात एक शिक्षक असतो आणि तीस-चाळीस मिनिटांनी गट एका कोपऱ्यातून पुढच्या कोपऱ्यात जातात. सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळेत शिकवत असताना मला अशा शिबिरांत दोनदा शिकवण्याची संधी मिळाली. आपल्याकडील ज्या शिक्षकांना आणि डी.एड., बी.एड. झालेल्या तरुणांना असे काम करावेसे वाटते, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. ज्या मुलांच्या घरात इंग्रजीचा एक शब्दही कोणी बोलत नाही, अशा मुलांना ती भाषा शिकवण्याचा सराव आपल्या शिक्षकांच्या हाताला आहे, आणि थायलंडच्या शिबिरात समोर बसलेली मुले नेमकी तशीच असतात. आपण स्वतः इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकलो, कोठे अडखळलो हे आपल्याला आठवते, आणि ती आठवण तेथे फार उपयोगी पडते. म्हणून आपले इंग्रजी ‘साहेबांसारखे’ नाही हा संकोच मनातून काढून टाकावा. मात्र काही आयोजक मातृभाषाच इंग्रजी असलेले शिक्षक मागतात, काही आयईएलटीएस किंवा टोइक या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण मागतात आणि १२० तासांच्या टेफल प्रमाणपत्राची, म्हणजे परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणाची, अपेक्षा तर बहुतेक ठिकाणी असते. ही चौकशी सर्वांत आधी करावी.

होकार देण्यापूर्वी

आयोजकांकडून काही गोष्टी लेखी मागवून घ्याव्यात: मुलांची संख्या आणि वय, एका गटातील मुले, रोजचे तास, थाई शिक्षक प्रत्येक कोपऱ्यात हजर असणार की नाही, राहण्या-जेवणाची व्यवस्था, विमा, आणि शिबिर निवासी असल्यास रात्री मुलांजवळ कोण असणार. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले, तर मी तेथे जाणार नाही.

व्हिसाच्या बाबतीत तडजोड करू नये. पर्यटक म्हणून मिळणारा प्रवेश हा पर्यटनासाठी असतो आणि त्यावर शिकवण्याचे काम करता येत नाही, मग ते विनामोबदला असले तरी. कामासाठी ‘नॉन-इमिग्रंट’ वर्गातील योग्य व्हिसा लागतो आणि त्यासाठीची पत्रे आयोजकांनीच द्यायची असतात. पहिल्या वेळी मला एका मध्यस्थाने ‘पर्यटक म्हणून या, कोणी विचारत नाही’ असे सांगितले होते. मी नकार दिला, त्या वर्षीची संधी गेली, आणि त्या निर्णयाचे मला आजही समाधान आहे. भारतीयांना १ जानेवारी २०२५ पासून थायलंडचा व्हिसा-अर्ज ऑनलाइन करता येतो, तर १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन-पत्र ऑनलाइन भरावे लागते. नियम बदलत असल्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी मुंबईतील थायलंडच्या महावाणिज्य दूतावासाची माहिती ताजी पाहून घ्यावी.

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या विभागीय पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक असावी. पोलिसांचा चारित्र्य-दाखला मागितला गेल्यास तोही पासपोर्टच्याच संकेतस्थळावरून अर्ज करून मिळतो. जिल्हा परिषदेच्या सेवेतील शिक्षकांनी परदेशगमनाची परवानगी आणि रजेची मंजुरी हातात पडल्याशिवाय पैसे भरू नयेत, कारण ही फाईल केंद्रप्रमुखांपासून वरपर्यंत जायला वेळ लागतो. आपली उन्हाळी सुट्टी आणि थायलंडची मोठी सुट्टी यांचा मेळ मेच्या पहिल्या पंधरवड्यातच बसतो, तर ऑक्टोबरची सुट्टी आपल्या दिवाळीच्या सुट्टीशी काही वर्षांतच जुळते. तारखा ठरवताना हे हिशेबात घ्यावे.

आधी स्वतःची जीभ तपासावी

पहिल्या शिबिराच्या पहिल्याच तासाला मी हातात पेन धरून ‘पेन’ म्हटले आणि मुले एकमेकांकडे पाहू लागली. मी पुन्हा म्हटले, तेव्हा मागे कोणीतरी हसले. शेजारच्या थाई शिक्षिकेने मधल्या सुट्टीत मला कारण समजावून दिले. थाई भाषेत आपल्यासारखाच प आणि महाप्राण प असा भेद आहे. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा प, ट, क हे वर्ण श्वासाचा झोत सोडून उच्चारले जातात, म्हणून थाई मुलांच्या कानाला इंग्रजी पेन महाप्राण ऐकू येतो. आपण मराठी वळणाचा, झोत नसलेला प उच्चारतो, आणि तसा ‘पेन’ हा त्यांच्या भाषेत ‘असणे’ या अर्थाचा अगदी रोजचा शब्द आहे. म्हणजे मी हातात वस्तू उंच धरून ‘आहे, आहे’ म्हणत होते.

यावर सोपा सराव आहे. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर दोन बोटांवर धरावी आणि ‘पेपर’, ‘टी’, ‘कप’ म्हणावे. मराठी ‘पाणी’ म्हणताना पट्टी जवळजवळ स्थिर राहते, इंग्रजी ‘पेपर’ म्हणताना ती पुढे उडाली पाहिजे. मी महिनाभर स्वयंपाक होईपर्यंतच्या वेळात हा सराव केला. पुढे हीच पट्टी मुलांच्या हातात दिली, तर त्यांनाही खेळ मिळतो.

शब्दाच्या शेवटी मात्र अडचण त्यांची असते आणि बळ आपले. थाई भाषेत शब्दाच्या अखेरीस फार थोडी व्यंजने येतात आणि तीही तोंडातल्या तोंडात विरतात. त्यामुळे ‘बॉल’चा ‘बॉन’ होतो, ‘स्कूल’ हा ‘सकून’सारखा ऐकू येतो, ‘हाऊस’मधला स गळतो. जोडाक्षरात मध्येच अ घालण्याची किंवा एखादे अक्षर गाळण्याची सवय आपल्यालाही अपरिचित नाही, खेड्यातला म्हातारा ‘ठेसन’ म्हणतो ते याच कारणाने. आपण शेवटचे व्यंजन स्वच्छ उच्चारतो, म्हणून तेवढ्या बाबतीत आपला नमुना मुलांना चांगला मिळतो.

थोडेच निवडावे

नवख्या शिक्षकाची सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळे काही शिकवायला जाणे. चार दिवसांच्या शिबिरात व्याकरण शिकवून होत नाही. दिवसाला दहा-बारा शब्द आणि दोन वाक्यसाचे पुरेत. ‘आय लाइक’, ‘कॅन आय हॅव’, ‘धिस इज माय’, ‘आय कॅन’ अशा साच्यांमध्ये मुलाला शब्द बदलत बोलता येते. शिबिराला लागणारी भाषा मात्र पहिल्या दिवशीच शिकवावी: पाणी हवे, माझी पाळी, पुन्हा सांगा, मदत करा, झाले. ही वाक्ये दिवसभर खऱ्या गरजेपोटी वापरली जातात आणि म्हणूनच टिकतात. मुलाला तहान लागली आहे आणि पाण्याच्या पिंपाजवळ उभ्या असलेल्या शिक्षिकेला ‘वॉटर, प्लीज’ म्हटल्यावरच पेला मिळतो, यापेक्षा चांगला पाठ कोणत्याही पुस्तकात नाही. अर्थात जे मूल बोलायला घाबरते त्याला तहानलेले ठेवायचे नाही. त्याच्या वतीने आपण म्हणावे आणि पेला द्यावा.

माझी शिबिराच्या यशाची कसोटी एकच आहे: प्रत्येक मुलाच्या तोंडून किती वाक्ये बाहेर पडली. वीस मुलांच्या गटात चाळीस मिनिटे एकेकाला उभे करून विचारले, तर सूचना आणि रांगेचा वेळ वजा जाता प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभरसुद्धा बोलणे येत नाही. तीच मुले जोड्यांत बोलू लागली की एका वेळी दहा तोंडे चालू राहतात. पुढील सगळी आखणी या हिशेबावर बेतलेली आहे.

साताऱ्यातच रंगीत तालीम करावी

जाण्यापूर्वी प्रत्येक पाठ आपल्या गावातील मुलांवर, मराठीचा एकही शब्द न वापरता, पूर्ण करून पाहावा. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर दुसरी-तिसरीची वीस मुले सहज थांबतात. मी तालमीत माझ्याच सूचना मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या आणि ऐकून थक्क झाले: जोड्या करायला सांगण्यासाठी मी पाच वाक्ये वापरली होती. त्यानंतर प्रत्येक सूचना वहीत लिहून काढली आणि ती पाच शब्दांच्या आत आणली. ‘टू अँड टू. स्टँड.’ एवढे बोलून दोन मुलांना हाताने शेजारी उभे केले की बाकीच्यांना कळते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६०च्या दशकात मांडलेली, आज्ञा ऐकून शरीराने प्रतिसाद देण्याची पद्धत अशा वेळी फार उपयोगी पडते. उभे राहा, शिवा, उडी मार, दाराकडे बोट दाखव, अशा आज्ञा आधी आपण कृतीसह द्याव्यात, मग केवळ शब्दांनी द्याव्यात, आणि अखेर आज्ञा देण्याचे काम मुलांकडे सोपवावे. कुमठे बीट या शाळागटातील ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलाने स्वतः करून शिकण्याच्या, वर्गांमुळे आपल्या जिल्ह्यातील शिक्षकांना जमिनीवर आखलेल्या चौकटी, खडे, काड्या घेऊन शिकवण्याची सवय आहेच. ती सवय जशीच्या तशी बरोबर न्यावी.

साहित्याबद्दल थोडक्यात: प्रोजेक्टर मिळेल असे गृहीत धरू नये. चित्रकार्डे साताऱ्याच्या मोती चौकातच लॅमिनेट करून घ्यावीत, कारण तेथील दमट हवेत साधा कागद दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. दोन कापडी पिशव्या, रबरी चेंडू, सुतळी, कपड्यांचे चिमटे, खडू एवढे पुरते. अजिंक्यतारा, कासचे पठार, आपली शाळा, घराची ओसरी, एसटी स्टँड यांची छायाचित्रे जरूर न्यावीत, कारण ‘धिस इज माय’ या साच्यासाठी खऱ्या गावासारखे दुसरे साधन नाही. आणि लगोरी न्यावी. सात ठिकऱ्यांत एक ते सात अंक येतात, ‘थ्रो’, ‘रन’, ‘कॅच’, ‘बिल्ड’ ही क्रियापदे येतात, आणि दुपारी चारच्या पुढे थकलेल्या गटाला जागे करण्यासाठी मला आजवर यापेक्षा चांगला खेळ सापडलेला नाही.

एक कोपरा, चाळीस मिनिटे

माझा आवडता कोपरा मंडईचा आहे. तो कसा चालवावा हे बारकाईने सांगते, कारण याच सांगाड्यावर इतर कोपरेही बेतता येतात.

पहिली पाच मिनिटे आज्ञांच्या खेळाला द्यावीत. आधीच्या कोपऱ्यातून आलेला गट घामाघूम किंवा कंटाळलेला असतो, त्याला लगेच बसवून ऐकवायला लागू नये.

मग कापडी पिशवी काढावी. आंबा, केळे, पपई, अंडे, मासा आणि भात यांच्या कापडी किंवा पुठ्ठ्याच्या प्रतिकृती तिच्यात असाव्यात. एका मुलाने आत हात घालून न पाहता चाचपडायचे आणि ओळखायचे. वस्तू बाहेर आली की शिक्षकाने तिचे नाव तीनदा स्पष्ट म्हणावे आणि मुलांनी फक्त ऐकावे. त्यानंतर त्यांनी कुजबुजून म्हणायचे, मग मोठ्याने, मग म्हातारीच्या आवाजात, मग उंदराच्या आवाजात. एकच शब्द आठ-दहा वेळा तोंडातून जातो आणि कंटाळा येत नाही. सहा शब्दांना दहा मिनिटे लागतात आणि ती द्यावीत, घाई करू नये.

पंधराव्या मिनिटाला संवाद दाखवावा: ‘कॅन आय हॅव टू मँगोज, प्लीज?’ ‘हिअर यू आर.’ ‘हाऊ मच?’ ‘टेन बाट.’ (बाट हे थायलंडचे चलन.) हा संवाद समजावून सांगायचा नसतो, थाई शिक्षिकेबरोबर तीनदा करून दाखवायचा असतो. तिसऱ्यांदा मी मुद्दाम ‘प्लीज’ गाळते आणि शिक्षिका आंबा मागे ओढून कानाला हात लावते. मुले ओरडून ‘प्लीज’ म्हणतात. हे एकदा झाले की पुढे आठवण करून द्यावी लागत नाही.

विसाव्या मिनिटाला मंडई भरते. दहा मुले विक्रेते, प्रत्येकापुढे सुतळीने आखलेली चौकट आणि कार्डे. दहा मुले गिऱ्हाईक, प्रत्येकाच्या हातात कागदी बाटच्या पाच नोटा आणि पाच वेगवेगळ्या वस्तू आणण्याचे काम. सात मिनिटांनी अदलाबदल. दोन्ही फेऱ्यांत मिळून प्रत्येक मूल वीसेक वाक्ये बोलते. शेवटची काही मिनिटे पिशव्या मोजायला आणि ‘आय हॅव’ म्हणायला ठेवावीत.

एका गटात कडेच्या चौकटीवर सात-आठ वर्षांची एक मुलगी बसली होती. ती सकाळपासून एक अक्षर बोलली नव्हती आणि विक्रेती झाल्यावरही नुसती कार्डे पुढे सरकवत होती. तिच्यासमोर एक मुलगा आला. त्याने आंबा मागितला, किंमत विचारली, आणि ती गप्प राहिली तेव्हा नोट आपल्याच मुठीत ठेवून शिक्षिकेसारखा कानाला हात लावून तिच्यापुढे वाकला. तिने नोटेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, अगदी हलक्या आवाजात ‘टेन बाट’ म्हटले आणि लगेच तळहाताने तोंड झाकले. मी काहीच बोलले नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला तिने तोंड न झाकता किंमत सांगितली.

गप्प मुले आणि चुकणारी मुले

‘डू यू अंडरस्टँड?’ असे कधीही विचारू नये. सगळी मुले एका सुरात ‘येस’ म्हणतील आणि कोणालाही काही कळलेले नसेल. त्याऐवजी करून दाखवायला सांगावे. चारचौघांत चुकण्यापेक्षा गप्प राहणे बरे, ही भावना तेथे खोल आहे, तशी ती आपल्या वर्गांतही आहे. त्यावर मला सर्वांत गुणकारी वाटलेला उपाय म्हणजे शिक्षकाने स्वतः विद्यार्थी होणे. थाई वार रविवारपासून असे आहेत: आथित, चन, अंखान, फुत, फरुहत, सुक, साओ. मराठी माणसाला त्यांतील आदित्य, चंद्र, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र ओळखू यायला वेळ लागत नाही. तेथील ‘सवात्दी’ हे अभिवादन ‘स्वस्ति’पासून आलेले आहे, शिक्षकाला म्हणतात तो ‘ख्रू’ शब्द ‘गुरु’पासून, आणि गुरुवंदनेचा शालेय सोहळाही परंपरेने गुरुवारीच होतो. असे असले तरी सूर चुकतात, कारण थाई ही पाच सुरांची भाषा आहे. मी वार म्हणू लागले की मुले हसून मला दुरुस्त करतात, मी पुन्हा चुकते, पुन्हा म्हणते. बाई चुकतात आणि त्यांना काही होत नाही, हे एकदा पाहिल्यावर मुलांची तोंडे उघडतात.

थाई भाषेत अनेकवचनाचा प्रत्यय नाही आणि काळानुसार क्रियापदाचे रूप बदलत नाही. म्हणून ‘टू मँगो’ आणि ‘येस्टरडे आय गो’ हे ऐकू येणारच. खेळ थांबवून दुरुस्ती करू नये. आंबे देताना आपण ‘टू मँगोज’ एवढे म्हणावे आणि पुढे जावे. अर्थ लागत नसेल तेव्हाच अडवावे.

शिष्टाचार आणि मुलांची सुरक्षितता

आपल्याकडे मुलाने चांगले उत्तर दिले की आपण डोक्यावरून मायेने हात फिरवतो. थायलंडमध्ये डोके हा शरीराचा पवित्र भाग मानतात आणि तेथे हात लावणे अवमानाचे ठरते. मला हा हात आवरायला दोन दिवस लागले. कौतुकासाठी टाळी द्यावी, तीही मुलाने हात पुढे केला तर. पाय कोणाकडे किंवा बुद्धमूर्तीकडे करून बसू नये, वर्गात जाताना चपला बाहेर काढाव्यात. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागते तेव्हा स्तब्ध उभे राहावे. राजघराण्याविषयी कोणतीही टिप्पणी करू नये, त्याबाबत तेथील कायदा कडक आहे. मुले एकमेकांना टोपणनावानेच हाक मारतात आणि ‘नोक’ म्हणजे पक्षी, ‘लेक’ म्हणजे लहान, अशी ती छोटी नावे असतात. छातीवरच्या पट्टीवर तेच नाव लिहून घ्यावे.

कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटे थांबू नये. मुलांची छायाचित्रे आयोजकांच्या लेखी संमतीशिवाय काढू नयेत आणि समाजमाध्यमांवर तर टाकूच नयेत. आपला फोन क्रमांक मुलांना देऊ नये. ज्यांना एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे किंवा ज्यांचे औषध चालू आहे अशा मुलांची यादी पहिल्या सकाळीच थाई शिक्षिकेकडून मागून घ्यावी. पोहण्याचा किंवा नदीकाठचा कार्यक्रम असल्यास जीवरक्षक कोण, हे विचारल्याशिवाय गट हलवू नये, मग कोणी संकोचले तरी चालेल.

शाकाहारी मंडळींनी ‘मांगसविरत’ हा शब्द पाठ करावा. तो आपल्या ‘मांसविरती’चाच भाऊ आहे. पण भाजीतही माशाचा रस घालण्याची पद्धत असल्यामुळे ‘नाम प्ला नको’ हेही सांगावे लागते. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी ‘जे’ जेवण मागावे.

शेवटचा दिवस

शेवटच्या संध्याकाळी प्रत्येक गट काहीतरी सादर करतो. नवे नाटक बसवण्याचा मोह टाळावा आणि चार दिवसांत खेळलेलेच रंगमंचावर आणावे. मंडईचा संवाद, लगोरीचे समालोचन, आपल्या घराच्या चित्रासह दोन वाक्ये, हे मुलांच्या जिभेवर आधीच बसलेले असते. कार्डे, पिशव्या आणि लगोरीच्या ठिकऱ्या परत आणू नयेत. त्या थाई शिक्षिकेच्या स्वाधीन कराव्यात, प्रत्येक खेळाची कृती एका कागदावर सोप्या इंग्रजीत लिहून द्यावी आणि तिने तिच्या भाषेत शेजारी नोंदी करून घ्याव्यात, कारण शिबिर संपल्यावर तीच त्या मुलांसमोर उभी राहणार असते.

परतीच्या प्रवासात एका वहीत तीन रकाने आखावेत: कोणता खेळ चालला, कोणती सूचना कळली नाही, कोणते मूल शेवटपर्यंत बोलले नाही. हे घरी पोहोचून लिहू म्हटले की राहते. दुसऱ्या वेळी मुंबईहून निघालेली गाडी खंबाटकी घाट चढेपर्यंत माझे पहिले दोन रकाने भरले होते, आणि तिसऱ्यात चार टोपणनावे होती.